चौदा नंबरची नळी

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
पाणी लाल खुणेच्या वर अर्धा मीटर

मास्तरीणबाई,

हे पत्र मला केवढ्याला पडलं ते आधी सांगतो. कागद-पाकिटाचं सोड. चार मजकूर लिहून फाडले. सकाळभर लेथ बंद ठेवला, त्यामुळे वखारवाल्याचा शाफ्ट अर्धवट अडकून राहिला, आणि तो दारात उभा राहून आपल्या ड्रायव्हरला, मला बरोबर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आता वय झालं रे याचं." तुझ्या आईला सांगितलं की पंपाच्या कंपनीला तक्रार लिहितोय. आणि दोन वर्षं जपून ठेवलेला ताठा पाकिटात मावेना, म्हणून मोडून घातला. एवढ्याला पडलं. तू अर्धं वाचून ठेवून दिलंस तर माझाच तोटा आहे, तेव्हा पुरतं वाच.

फोन लावला की एकदाच वाजून तुटतो. त्याचा अर्थ मला कळतो. कान अजून शाबूत आहेत.

इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरते. तुझा भाऊ शेजारच्याच घरात आहे. त्याच्या जुळ्यांना आता पाय फुटलेत, दिवसभर आमच्या आणि त्यांच्या दारातून आरपार धावतात. वसाहतीत पाच-सहा नवी कुटुंबं आली, आता साठ घरं भरली. सगळ्यांच्या मागच्या खिडकीतून तेच दिसतं, धरणाची भिंत. तू लहानपणी म्हणायचीस, बाबा, आपल्या खिडकीत आभाळ का नाही बसवलं?

तुझ्या गणिती मॉडेलच्या भरवशावर यंदा लाल खुणेच्या, म्हणजे आजवरच्या हद्दीच्या, वर दोन मीटर पाणी साठवायचं ठरलंय, हे तुला माहीत असणारच. दर आठवड्याला अर्धा मीटर, चार आठवडे. तुझा आलेख साहेबांनी धरणाच्या ऑफिसातल्या फळ्यावर लावलाय. त्याच्या शेजारी काचेचं कपाट, आणि कपाटात माझ्या वह्या. परवा पाहणीला एक बाई आल्या होत्या. साहेब म्हणाले, "एकतीस वर्षं, दर गुरुवार, बावीस नळ्या, आणि एकही खाडाखोड नाही. बघा, कुठलंही पान उघडून बघा." मी मान खाली घालून उभा होतो, नम्र दिसावं म्हणून. खरं तर हे वाक्य साहेबांना पहिल्यांदा मीच सांगितलेलं. पण खोटं काय त्यात? ज्या माणसाने या भिंतीसाठी डोक्यावरून माती वाहिली, ट्रकच्या पाट्या वाचत अक्षर शिकला, त्याची वही काचेत आहे. एकही खाडाखोड नाही. दुसऱ्या कुणाची दाखव.

बाईंनी विचारलं, "पाणी मोजता कसं?" म्हटलं, कानाने. त्या हसल्या. मग समजावलं. भिंतीत वरून खाली बावीस नळ्या सोडल्यात. भिंतीच्या पोटात पाणी कुठवर चढलंय ते त्यांत कळतं. टेपला पोकळ बुडाचा पितळी ओळंबा बांधायचा आणि नळीत सोडायचा. तो पाण्याला टेकला की खालून आवाज येतो, डुबुक. तिथे टेप चिमटीत धरायचा, आकडा वाचायचा. आकडा जितका मोठा तितकं पाणी खोल, तितकी भिंत कोरडी, तितके आपण सुखी. "आणि आवाज नाही आला तर?" बाईंनी विचारलं. हुशार बाई. मी म्हटलं, "तर नळी कोरडी."

बरं, एक सहज विचारतो. समजा, नुसतं समजा, बावीसपैकी एखाद्या नळीचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, तर तुझ्या मॉडेलला कितीसा फरक पडतो? एकवीस बरोबर असल्यावर एकाचं काय एवढं? म्हातारपणी माणसाला असले प्रश्न पडतात. उत्तर मात्र लवकर पाठव.

तुझा बाप


शुक्रवार, ११ ऑक्टोबर
पाणी लाल खुणेच्या वर एक मीटर

मास्तरीणबाई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी अक्षर पाहिलं. दोनच शब्द, "कुठली नळी?"

आईने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "पंपाच्या कंपनीत ही कधीपासून कामाला लागली?" तेव्हा ते खोटंही फुकट गेलं.

कुठलीही नळी. मी समजा म्हटलं होतं.

पण आता विषय निघालाच आहे तर सांगतो. चौदा नंबरला गेल्या गुरुवारी ओळंबा अकरा मीटर वीसच्या जरा वरच वाजला. काल सोडला तर दहा सत्तर. वहीप्रमाणे तिथे पंधरा मीटर साठच्या आसपास हवं. तेरा आणि पंधरा नंबर अगदी नेहमीसारख्या, तुझ्या आलेखावर चालतायत. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. मला वाटतं झाकण सैल झालं असेल आणि वरून पाणी गेलं असेल. गेले तीन आठवडे आभाळ कोरडं आहे हे खरं, पण कुणी गाडीबिडी धुतली असेल. भिंतीच्या माथ्यावर गाडी कोण धुणार असं तू विचारशील. मीही तेच विचारतोय.

काल नळ्या आटोपल्यावर साहेबांकडे गेलो होतो. सांगावं म्हणून. ते आतल्या खोलीत फोनवर होते, मधे प्लायवूडची भिंत. प्लायवूडमधून मला ऐकू येत नाही असं समजणारे बरेच साहेब या खुर्चीत बसून गेले. हे फोनवर म्हणत होते, "अहो, धास्ती कसली? नुसतं गणित नाही ते, एकतीस वर्षांची वही आहे त्याच्या मागे. आमचे कानवाले काका आहेत ना." मग हसले. पलीकडचाही हसला असावा, कारण साहेब पुन्हा हसले.

बाहेर आले तेव्हा म्हणाले, "काय काका, आज कशी काय स्वारी?"

मी म्हटलं, "चहा प्यायला."

चहा घेतला. चांगला होता. जीभ भाजली.

तू म्हणायचीस, मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीला न छेडता तिला प्रश्न विचारायची सोय. भिंत फोडून बघता येत नाही, म्हणून भिंतीसारखं वागणारं गणित मांडायचं आणि त्याला विचारायचं, पाणी एवढं चढलं तर तू काय करशील? ते बरोबर उत्तर देतं की नाही, हे आधी जुन्या आकड्यांवर ताडून बघायचं. मला ते तेव्हाच कळलं होतं. तू आठ वर्षांची असताना हेच तर करत होतीस. दर बुधवारी माझ्या वहीवर रेघ ओढून सांगायचीस, उद्या सात नंबरला किती येईल. दोन सेंटीमीटरच्या आत आलं तर मी तुला एक वॉशर द्यायचा. एक्केचाळीस वॉशर जिंकलीस. बरणी अजून फळीवर आहे. जुळ्यांना हात लावू देत नाही.

तर मला एवढंच सांग, चौदाला दहा सत्तर आलं तर तुझं मॉडेल काय म्हणतं? घाई आहे असं नाही. पण लवकर सांग.

बाप


शुक्रवार, १८ ऑक्टोबर, सकाळ
पाणी लाल खुणेच्या वर दीड मीटर

बाळ,

हे पत्र टपालात टाकत नाही. सकाळच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या पंपाचं सील मी बदलून दिलंय. तो तुझ्या हातात देईल. ऑफिस दहाला उघडतं, आता आठ वाजलेत. साहेबांना सांगायच्या आधी तुला सांगायचं आहे. नंतर सांगितलं तर ते सांगणं राहणार नाही, नुसती बातमी होईल.

चौदा नंबरचे नऊ वर्षांचे आकडे मी बसून लिहिलेत. मोजलेले नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी चौदामध्ये माझा ओळंबा तुटून पडला. तू शिकायला दूर गेलीस त्या दिवशी, माझं लक्ष उडालं होतं म्हणून, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तू रडली असतीस आणि मला अर्धी माफी मिळाली असती. पण तसं नव्हतं. साधा गुरुवार होता. मी पहारेकऱ्याला एक विनोद सांगत होतो आणि शेवटच्या वाक्याला हातवारे करताना टेप हिसकला. विनोदही काही खास नव्हता.

ओळंबा अकरा मीटर वीसवर, नळीच्या सांध्यात आडवा अडकला. पाणी त्याच्या खूप खाली. त्या आठवड्यापुरती तेरा आणि पंधराची सरासरी काढून लिहिली. पुढच्या गुरुवारी तार घालून ओळंबा काढायचाच होता. चार गुरुवार तार घातली. तो आणखी घट्ट बसला. कळवलं असतं तर शेजारी नवी नळी खणावी लागली असती, चौकशी झाली असती, आणि महिनाभरापूर्वीच मी तेव्हाच्या नव्या साहेबांना सांगून बसलो होतो की माझ्या हातून आजवर एक नटसुद्धा हरवलेला नाही. लेथवर अर्ध्या तासात दुसरा ओळंबा कातला. कुणाला काही कळलं नाही.

मग सवय झाली. इतर नळ्यांचे आकडे आधी चिठ्ठीवर घ्यायचे, मग वर्कशॉपमध्ये बसून वही भरायची, म्हणजे चौदाची सरासरी शांतपणे काढता येते. अगदीच सरळ दिसू नये म्हणून कधी एक सेंटीमीटर वर, कधी दोन खाली. दोन वर्षांपूर्वी मॉडेल दाखवताना तू हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलंस ना, की या नळीवर मोजणाऱ्याची चूक दोन सेंटीमीटरच्या पुढे जात नाही, असा हात क्वचित सापडतो? तो माझा हात नव्हता. ती माझी कलाकुसर होती.

आता त्या हॉलचंच सांगतो, कारण हे मला गेली दोन वर्षं खातंय. तू म्हणालीस, "मी मॉडेलला एकवीस नळ्या शिकवल्या. चौदा नंबर मुद्दाम झाकून ठेवली. मग त्याला विचारलं, चौदात पाणी कुठे असेल सांग." आणि पडद्यावर दोन रेघा आणल्यास, एक मॉडेलची, एक माझ्या वहीची. एकावर एक बसल्या. लोक उभे राहिले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तुझं मॉडेल शेजारच्या नळ्या बघून मधलं पाणी काढत होतं, आणि मीही नऊ वर्षं तेच करत होतो. तू कॉम्प्युटरवर, मी चिठ्ठीवर. तू परीक्षा घेतलीस खरी, पण उत्तरपत्रिका त्याच पुस्तकातून उतरवलेली होती. त्या हॉलमध्ये हे मला एकट्याला माहीत होतं.

तरी तुला वास आला होता. घरी आल्यावर तू हळूच म्हणालीस, "बाबा, चौदा नंबर जरा जास्तच गुणी आहे रे. तू खरंच..." तुझं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. मी जे बोललो ते तुझ्या लक्षात आहेच, पण माझ्या हाताने एकदा लिहिलेलं असावं म्हणून लिहितो. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला चोर ठरवतेस? याच वहीच्या जिवावर शिकलीस. विश्वास नसेल तर पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

तू पाऊल टाकलं नाहीस. आणि आकडेही पुन्हा तपासले नाहीस. मी तुला तपासण्याची लाज वाटायला लावली.

आणखी एक आहे, ते याहून वाईट. भिंत बांधताना मी इथे टोपल्या वाहत होतो. जुना ओढा भिंतीच्या मधोमध वाहायचा, म्हणून तेवढी फट शेवटपर्यंत उघडी ठेवली होती. ती बुजवायला घेतली तेव्हा मुदत संपत आली होती. ओली माती, मुळं, हाताला लागेल ते त्यात गेलं. मी टाकलंय. मुकादम ओरडत होता, "टाका, टाका, दाबली की सगळी सारखीच." ती फट जिथे होती तिथे आज चौदा नंबर आहे. तेरा आणि पंधरा दोन्ही बाजूंच्या चांगल्या जमिनीवर आहेत. त्यांची सरासरी चौदाला लागू पडेलच असं नाही, हे या धरणावर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तोच ती काढत होता.

आता कालचं. पहारेकरी बघत असतो म्हणून मी दर गुरुवारी चौदातही ओळंबा सोडतो, नाटकापुरता. नऊ वर्षं तो खाली पडलेल्या ओळंब्यावर आपटतो, टक्. पितळेवर पितळ. दोन आठवड्यांपूर्वी त्या टक्च्या जागी डुबुक झालं. पाणी अडकलेल्या ओळंब्याच्या वर आलंय. पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही. दुसऱ्यात अर्धं लिहिलं. काल दहा मीटर पाचवर वाजलं.

ओळंबा वर घेताना पहारेकरी म्हणाला, "काका, चौदाला आताशा टक् होत नाही."

म्हटलं, "तुला टक् माहीत होतं?"

"नऊ वर्षं ऐकतोय की."

"मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे म्हणजे ठीकच असणार."

नंतर आम्ही दोघं पायथ्याला उतरलो. चौदाच्या बरोबर खाली घोंगडीएवढ्या जागेत गवत हिरवंगार आहे आणि पाय टेकवला की दबतं. पाझर आहे, करंगळीएवढा. पाझर सगळ्याच मातीच्या धरणांना असतो, स्वच्छ असेल तर भिण्याचं कारण नाही. मी औषधाच्या बाटलीत भरून आणला. बाटली खिडकीत ठेवलीय. बुडाशी बोटाच्या पेराएवढा गाळ बसलाय. पाणी भिंतीतून नुसतं येत नाहीये, बाळ, भिंतीला बरोबर घेऊन येतंय.

आई आत्ता विचारतेय, बाटलीत काय आहे. जुळे अंगणात आहेत. लाकडाच्या फळीवर बसून एकमेकांना ओढतायत. मला त्यांच्या मागे भिंत दिसतेय आणि मी तिच्याकडे बघणं टाळतोय, सावकाराकडे बघणं टाळावं तसं.

बसचा हॉर्न वाजला. जातो.

बाबा


रविवार, २० ऑक्टोबर
पाणी लाल खुणेच्या वर एक मीटर तीस

बाळ,

शुक्रवारी काय झालं ते तुला अर्धं माहीत आहे, कारण अर्ध्यात तू होतीस. उरलेलं सांगतो.

साहेब आधी हसले. त्यांना वाटलं कानवाल्या काकांनी नवा विनोद आणलाय. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मागचा माणूस बदलला.

"किती वर्षं?"

"नऊ."

"काका, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय म्हणून तर उभा आहे. नाहीतर चहा मागितला असता."

मी बाटली टेबलावर ठेवली. तिच्यातला गाळ वर आला होता, चालताना हलली म्हणून. तो पुन्हा खाली बसेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. मग त्यांनी सटासट फोन लावले. दरवाजे उघडायला सांगितलं, वसाहत रिकामी करायला सांगितलं. तिसरा फोन तुला.

तुझ्या हातात पत्र तासाभरापूर्वीच पडलं होतं, हे तुझ्या आवाजावरून कळलं. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. तू साहेबांना म्हणालीस, "चौदाचा ताळा काढून मी मॉडेल पुन्हा चालवून पाहिलं."

"मग? काय म्हणतंय?"

"काहीच नाही. मधल्या पट्ट्याच्या गेल्या नऊ वर्षांबद्दल मॉडेलला आता काहीच माहीत नाही. आधीही नव्हतं. फक्त आधी ते कबूल करत नव्हतं."

साहेबांनी विचारलं, पाणी एका दिवसात उतरवू का? तू म्हणालीस, मुळीच नाही. धरणाकडची बाजू भिजून जड झालेली असते, पाण्याचाच तिला टेकू असतो. टेकू एकदम काढला तर ती बाजू घसरेल. दिवसाला वीतभर, त्याहून जास्त नाही. म्हणजे भिंत एका बाजूने पोखरतेय आणि आपण दुसऱ्या बाजूने वीत-वीत पाणी कमी करत बसायचं. हे ऐकल्यापासून मी वीत मोजतोय.

मग तू म्हणालीस, "नळ्यांचे वाचक तिथे आहेत का?"

वाचक. मी म्हटलं, "आहे."

"तेरा आणि पंधराचे आकडे तुम्ही मोजलेले आहेत?"

लहानपणापासून तू मला अरे-तुरे करतेस. कुणी बाहेरचं असलं तरी. मी म्हटलं, "हो. मोजलेले आहेत."

"कशावरून?"

बाळ, मी फार बोलका माणूस. गिऱ्हाइकाला दोन तास गप्पांत गुंतवून मोटर बांधून होते माझी. पण इथे वही काचेच्या कपाटात समोर होती आणि तिच्याकडे बोट दाखवायची सोय राहिली नव्हती. शेवटी म्हटलं, "मी ऐकलेत."

तू म्हणालीस, "लिहून पाठवा." आणि फोन ठेवलास.

घरी आलो. आईला सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने. ती भांडी बांधत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "एकतीस वर्षं दर गुरुवारी विचारलं, भिंत कशी आहे? तुम्ही म्हणालात, कोरडी. म्हणजे नऊ वर्षं मी तुमच्या सरासरीवर झोपले." मग म्हणाली, "आणि पोरीला घालवलंत ते यासाठी?"

मी हो म्हटलं.

"बरणी घ्या ती," ती म्हणाली. "वॉशरची. मागे राहील."

आम्ही सगळे उंचावरच्या शाळेत आहोत. साठ घरं, अकरा वर्ग. तुझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. वखारवाला बोलतो, पण मी काही म्हटलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग बायकोकडे. जुळ्यांना मजा वाटतेय, त्यांनी वर्गात फळा पहिल्यांदाच पाहिला. मी व्हरांड्यात बसतो. इथून भिंत पुरी दिसते. एवढ्या लांबून कान लावून काही ऐकू येत नाही, तरी लावतो. बादली सरकली, बाक पडला, की आधी भिंतीकडे बघतो. काल दुपारी कुणीतरी पत्र्याचं दार आपटलं आणि सगळी शाळा एकदम उभी राहिली. मग कुणी कुणाच्या डोळ्यांत न बघता खाली बसली.

पाझर काल अंगठ्याएवढा होता. आजची बाटली अजून बसायची आहे.

बाबा


शनिवार, २ नोव्हेंबर
पाणी लाल खुणेच्या खाली एक मीटर

बाळ,

तुझी कामांची यादी मिळाली, तीन पानी. मला वाटलं होतं तू येशील. आई म्हणते, ती येईल तेव्हा तुमच्यासाठी येणार नाही, भिंतीसाठी येईल, तरी दाराशी उभे राहा.

चौदाच्या शेजारी नवी नळी खणून झाली. काल तिच्यात पाणी मोजलं. मी नाही. आता एक बाई येते, तिच्या यंत्राला पाण्याला टेकल्यावर शिट्टी वाजते. बहिऱ्यालाही जमेल असं काम आहे. पाणी लाल खुणेच्या एक मीटर खाली असताना नव्या नळीत आकडा आला बारा मीटर दहा. माझी वही या पातळीला सोळा मीटर तीस म्हणते. बाईने तीनदा मोजलं. मी पंचवीस पावलांवर उभा होतो, त्याहून जवळ जायची मला परवानगी नाही.

पायथ्याशी रेती आणि खडीचे थर टाकलेत. म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. बाटल्या मी अजून भरतो, त्याला कुणी मनाई केलेली नाही. शाळेच्या खिडकीत चौदा बाटल्या उभ्या आहेत. शेवटच्या तीन जरा बऱ्या वाटतात. वाटतात असं लिहिलं, आहेत असं नाही. साहेबांनी विचारलं, घरी कधी जायचं? तू त्यांना लिहिलंस म्हणे, "सांगता येत नाही." त्यांनी ते पत्र फळ्यावर लावलंय, जुना आलेख काढून. लोक येऊन वाचतात आणि परत जातात. तुझ्या आलेखापुढे कुणी एवढा वेळ उभं राहत नसे.

माझी चौकशी पुढच्या आठवड्यात आहे. घाबरलोय, पण ती भीती या भीतीपुढे लहान आहे. भिंतीचं असं आहे की ती तुम्हाला बोलावून काही विचारत नाही.

आता तुझ्या कामाचं. तू लिहिलंस, एकतीस वर्षांच्या वह्यांत प्रत्येक आकड्यापुढे खूण करा, मोजलेला की लिहिलेला. कपाटाची किल्ली साहेबांनी स्वतः दिली. मी आठ दिवस बसलो. चौदाचे नऊ वर्षांचे सगळे आकडे, चारशे अडुसष्ट, त्यांवर तांबड्या पेन्सिलने फुली मारलीय. वॉशरच्या वेळचे आकडे सगळे मोजलेले आहेत. सात नंबरही, तू ज्यावर रेघा ओढायचीस ती. तुझे एक्केचाळीस वॉशर खरे आहेत. यावर तू विश्वास ठेवावास असं मी आता म्हणू शकत नाही, फक्त लिहून ठेवतो.

तेरा आणि पंधराबद्दल तू फोनवर विचारलंस, कशावरून? ते मी वह्या चाळताना शोधत होतो. माझ्या तोंडाशिवाय दुसरा काही पुरावा मिळतो का. मिळाला नाही. पण एक दिसलं, ते तुझ्या कामाचं असेल म्हणून कळवतो. जुन्या वह्या मी जागेवरच भरायचो, भिंतीवर उभा राहून, टेप एका हातात. टेप घसरायचा, वाऱ्यात आवाज चुकायचा, पुन्हा सोडायचा, आधीचा आकडा खोडून नवा लिहायचा. हे मी पार विसरून गेलो होतो. मोजून पाहिलं. पहिल्या बावीस वर्षांच्या वह्यांत एकशे सत्त्याऐंशी ठिकाणी खाडाखोड आहे. नंतरच्या नऊ वर्षांत एकाही ठिकाणी नाही.